वेशीबाहेरचे दैव

पटकीची साथ आली की महाराष्ट्रात गावोगावी मरीआईचा गाडा निघत असे. लाकडी गाड्यावर देवीची मूर्ती, हळदकुंकू, लिंबू, नैवेद्य. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथे सोडून परतायचे. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावा, अशी अपेक्षा. या विधीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येईल, पण त्याने ज्या समाजाचे चित्र जपून ठेवले आहे ते बाजूला सारण्यासारखे नाही. मरीआईचे ठाणे बहुधा गावकुसाबाहेर असे, ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर त्यांच्याच शेजारी. तिचा पोतराजही त्याच वस्त्यांतून येई. म्हणजे गाव आपला रोग जिथे नेऊन सोडत होते, तिथे माणसे राहतच होती. साथीविषयी धर्माला आणि तत्त्वज्ञानाला विचारायचा प्रश्न मला इथे सापडतो. रोग कोणाच्या पापामुळे आला, हा तो प्रश्न नव्हे. तो आला तेव्हा वेशीबाहेर कोण होते आणि त्यांना तिथे कोणी ठेवले, हा आहे.

करोनाच्या साथीत, मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात, कल्याण-डोंबिवली महापालिकेने एक आदेश काढला. मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांनी ८ मेपासून रोज ये-जा करू नये, त्यांच्या राहण्याची सोय मुंबईतल्या आस्थापनांनी तिकडेच करावी, असा त्याचा आशय होता. शहरात सापडणाऱ्या रुग्णांत मुंबईला कामाला जाणाऱ्यांचे आणि त्यांच्या संपर्कातल्यांचे प्रमाण मोठे होते, त्यामुळे प्रशासनाची भीती निराधार म्हणता येत नाही. विरोध झाला आणि आदेश मागे पडला. पण आदेश ज्यांच्याविषयी होता ती माणसे कोण होती? मुंबईच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस शिपाई, बेस्टचे चालक-वाहक. मुंबईची सेवा करणारे पण मुंबईत घर न परवडणारे हे लोक कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, टिटवाळ्यात राहतात. मुंबईला त्यांचे हात हवे होते, राहते घर त्यांना तिने कधी दिले नव्हते. आता जिथे घर होते ते शहरही त्यांना शिवेवर थांबवू पाहत होते. दोन्ही गावांच्या शिवेवर उभा राहिलेला गाडा तो हाच.

त्या दिवसांत एक वाक्य सगळीकडे ऐकू येत होते: विषाणू जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही. ते धीर देण्यासाठी बोलले जाई आणि विषाणूपुरते ते खरेही होते. पण साथ म्हणजे नुसता विषाणू नव्हे. विषाणू, त्याला वाट देणारी घरे-गल्ल्या-गाड्या, आणि आजारी पडल्यावर उघडणारी किंवा बंद होणारी दारे, हे सगळे मिळून साथ होते. यातला पहिला भाग निसर्गाचा, बाकीचे माणसांनी बांधलेले. 'साथ सगळ्यांना सारखी' असे म्हणताना आपण माणसांनी बांधलेले निसर्गाच्या खात्यावर टाकतो. मग उरलेल्या विषमतेला नाव द्यायला आपल्या भाषेत एक शब्द तयारच असतो: नशीब. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की नशीब हा शब्द ज्याच्यावर गुदरले त्यानेच उच्चारायचा आहे. दुसऱ्याने तो त्याच्याविषयी उच्चारला की तो एक हिशेब बंद करून टाकतो.

हिशेब जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा लागू झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा पुन्हा हाती घेतला. प्लेगच्या काळात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे कल्याण जंक्शन हे प्रवाशांच्या तपासणीचे महत्त्वाचे ठाणे होते. पुण्याकडे आणि नाशिककडे जाणाऱ्या वाटा इथेच फुटतात. तपासणीचा रोख तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर होता. त्या उतारूंना खाली उतरवून फलाटावर रांगेत उभे करत, वरच्या वर्गाच्या उतारूला बरीच सवलत मिळे. पिसू कोणत्या डब्यातून प्रवास करते याचे ज्ञान तेव्हा कोणाला नव्हते, कोणाला फलाटावर उतरवता येते याचे मात्र होते. पुढे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई शहरातले तिचे मृत्यू समाजवार नोंदलेले आहेत. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि त्या काळच्या नोंदीत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे ते ६१.६. एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच विषाणूने युरोपियनांच्या सातपटीहून अधिक मृत्यू. जात न पाहणाऱ्या विषाणूला गल्लीबोळांतून, खोलीत दाटीने झोपणाऱ्या माणसांतून, अर्धपोटी शरीरांतून जात अचूक सापडली, कारण जात तिथे आधीच राहायला होती.

शंभर वर्षांनी चित्र किती बदलले? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. दाट वस्ती आणि सामायिक शौचालये हे कारण असावे, असे पाहणी करणाऱ्यांनीच म्हटले होते. ठाण्यात त्या मे महिन्यात वागळे इस्टेट, लोकमान्य-सावरकरनगर, मुंब्रा, कळवा ही नावे रोज कानावर पडत होती. कल्याण-डोंबिवलीतले पहिले रुग्ण परदेश प्रवास करून आलेले होते. विमानाने आलेला आजार काही आठवड्यांत चाळींच्या सामायिक नळावर पोचला. जुलैमध्ये, राज्य हळूहळू उघडत असताना, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली २ तारखेपासून १९ पर्यंत पुन्हा बंद करावी लागली. २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची मोठी रुग्णालये तेव्हा दोन: कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर. गुंतागुंतीचा रुग्ण कळव्याला, नाही तर मुंबईत शीव किंवा केईएमला पाठवायचा, ही इथली साथीच्या आधीपासूनची रीत. साथीने ती निर्माण केली नाही, मुंबईचीच रुग्णालये भरल्यावर ती किती तोकडी पडते हे दाखवले. मे २०२० मध्ये शासनाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले, ते योग्यच होते. पण त्या बांधलेल्या दरानेही कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या दहा दिवसांचे नव्वद हजार रुपये होत, आणि महागडी औषधे त्याबाहेर. रोजावर जगणाऱ्या घराला हा दर दिलासा म्हणून कसा वाटणार होता?

आता लोकलकडे पाहू, कारण या पट्ट्यात लोकल म्हणजे अन्न. २२ मार्चच्या रात्री ती थांबली. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. घरकाम करणाऱ्या बाया त्या यादीत नव्हत्या. २१ ऑक्टोबरपासून सर्व महिलांना परवानगी मिळाली, पण ती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दिव्याहून किंवा टिटवाळ्याहून मुलुंडला सकाळी सातला भांड्यांना हजर व्हायचे असते, हे ही वेळ ठरवणाऱ्या टेबलापाशी कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. सर्वसामान्य पुरुषांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार किंवा रात्री नऊनंतर. पुढे मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांची लस मोबाइलवरच्या नोंदणीला बांधली गेली. ज्याच्याकडे चांगला फोन, जलद जोडणी आणि इंग्रजी वाचणारे बोट, त्याला जागा मिळे. ग्रामीण केंद्रांवरच्या जागा शहरातून गाडी करून येणाऱ्यांनी घेतल्या आणि त्याच गावचे, वाडीवरचे लोक बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीबद्दल त्याच महिन्यात प्रश्न विचारले. ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, वीटभट्टीवर सहा महिने काढणारी माणसे. त्यांच्या दृष्टीने ती नोंदणी म्हणजे न दिसणारी वेसच होती.

करोनाच्या आकड्यांत न येणारे नुकसान वेगळेच. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. क्षय एका वर्षात कमी झाला नव्हता, तो तपासणारे डोळे दुसरीकडे वळले होते. न नोंदलेले ते सहा लाख बहुतेक कोणत्या खोल्यांत खोकत असतील, हे भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हे सगळे समोर ठेवल्यावर दैवाच्या कल्पनेचे काय करायचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर सरळ बोट ठेवले आहे. माणसाची आजची दीन अवस्था त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्माने ठरते असे मानले, की राज्याला आणि समाजाला तिच्या जबाबदारीतून सुटका मिळते, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा काही हेतू त्यांना दिसला नाही. साथीच्या काळात कोणी उघडपणे पूर्वजन्म काढत नव्हते. पण 'त्यांची प्रतिकारशक्तीच तशी', 'त्यांना सवयच असते', 'वस्तीत असेच होणार' ही वाक्ये त्याच सिद्धान्ताची नवी रूपे आहेत. मागचा जन्म जाऊन तिथे शरीरप्रकृती किंवा स्वभाव आला, हिशेब मात्र तिथेच बंद झाला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलक्याने घेऊ शकत नाही. जिचा नवरा खाट शोधताना रिक्षात गेला त्या बाईला 'नशिबात होते' एवढेच म्हणता येते, आणि ते म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी चूल पेटवू शकते. तिचा हा आधार काढून घेणारे आपण कोण? कोणीच नाही, आणि म्हणूनच मी फरक करतो आहे. तिच्या तोंडी नशीब हे दुःख पेलण्याचे साधन आहे. तोच शब्द शेजाऱ्याने, अधिकाऱ्याने, लेखकाने तिच्याविषयी वापरला की तो दुःख पेलत नाही, दोष झाकतो. शब्द एकच, पण बोलणारा बदलला की त्याचे नैतिक वजन बदलते. संतांनी प्रारब्धाची भाषा केली ती बहुतेक स्वतःच्या भोगाविषयी. उपाशी माणसासमोर उभे राहून त्याचे प्रारब्ध समजावणे हे भक्तिमार्गाचे काम नव्हते.

दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ देण्यात केवढा धोका आहे हे १९३४ मध्ये दोन थोर माणसांच्या वादात दिसले. १५ जानेवारीला बिहारात भूकंप झाला आणि गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. हेतू उदात्त होता, कर्माचा दंड त्यांनी सवर्णांकडे वळवला होता. तरी रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, कारण असा तर्क एकदा मान्य केला की विरुद्ध बाजूही तो तितक्याच सहजतेने वापरू शकते. शिवाय भूकंपात अस्पृश्यांची घरेही पडलीच होती. मला इथे रवींद्रनाथांची बाजू योग्य वाटते. मी साथीला विषमतेची शिक्षा म्हणत नाही. शिक्षा म्हटले तर ती भोगणारे निवडण्यातच ती अन्यायी ठरते. साथ कोणताही संदेश घेऊन येत नाही. आधीच्या अन्यायाला ती वेग देते, एवढेच आकडे सांगतात.

आक्षेप आकड्यांवरही आहे. श्रीमंतही गेले, डोंबिवलीतली मध्यमवर्गीय घरेच्या घरे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूसाठी धावली. झोपडपट्टीत लागण अधिक असूनही लागण झालेल्यांत मृत्यू कमी होते. मग विषमता कुठे? पहिला भाग पूर्ण खरा आहे, आणि त्या घरांचे दुःख इतर कोणाच्या दुःखाने लहान होत नाही. पण विषमता म्हणजे वरच्याने अजिबात न मरणे नव्हे. मरणाच्या आधी त्याच्यापुढे किती वाटा होत्या, हे तिचे माप आहे. घरून काम करता येणे, वेगळी खोली असणे, विमा असणे, ओळखीचा डॉक्टर असणे. या मापाने डोंबिवलीचा बँक कारकून दक्षिण मुंबईच्या तुलनेत दुबळा ठरतो आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या तुलनेत बळकट. ही उतरंड आहे, दोन कप्पे नव्हेत, आणि तिच्यात आपण एकाच वेळी कोणाच्या तरी पायाखाली आणि कोणाच्या तरी डोक्यावर असतो. झोपडपट्टीतल्या कमी मृत्युदराचे एक मोठे कारण वय आहे. तिथे तरुण अधिक, कारण म्हातारी माणसे गावी असतात किंवा तितके जगतच नाहीत. लवकर मरण्याच्या परंपरेने दिलेल्या या संरक्षणाला समता म्हणायला माझी जीभ धजत नाही.

बेफिकिरीचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू आला. वस्त्यांत मुखपट्टी घालत नव्हते, भिवंडी-मालेगावात लसीकरण मागे राहिले, यात त्यांचा दोष नाही का? व्यक्तीची जबाबदारी मी नाकारत नाही. पण विश्वासालाही इतिहास असतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक मुसलमान कुटुंबे जिवाच्या भीतीने मुंब्र्यात आली आणि तिथले रस्ते, पाणी, दवाखाने त्या गर्दीच्या मागे धावतच राहिले. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातीच्या निमित्ताने आजाराचे खापर एका समाजावर फोडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे केले गेल्याचे नोंदवले. ज्या यंत्रणेच्या नजरेत आपण वर्षभर संशयित होतो तिच्याच हातून सुई टोचून घ्यायला माणूस कचरतो, हे समजून घेणे म्हणजे त्याचे समर्थन नव्हे. विश्वास हीसुद्धा पाण्यासारखी सार्वजनिक सोय आहे, आणि तीही काही वस्त्यांना कमी दाबानेच मिळाली होती.

राहिला आणीबाणीचा मुद्दा: घर पेटले असताना न्यायाची चर्चा कोण करतो, ज्यांचा उपयोग आहे त्यांना आधी वाचवावे. अत्यावश्यक या शब्दामागे हेच गणित होते आणि काही काळ त्याला इलाज नव्हता. पण विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना दिसतो. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करत नाहीत, असे ते विचारतात. तो सांगतो, मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. बुद्ध आनंदाकडून पाणी आणवतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून मंचावर ठेवतात, आणि मग संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. या प्रसंगात बुद्धांनी जे विचारले नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा आजार तुला कोणत्या कर्माने झाला, असे त्यांनी विचारले नाही. तुझ्याजवळ कोणी का नाही, असे विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजाऱ्याकडे मागितले जाते, दुसऱ्याचे संघाकडे. आणि भिक्खूचे उत्तर ऐकताना दिव्याची ती घरकामवाली आठवते, जी एका यादीच्या लेखी उपयोगी नव्हती आणि म्हणून सात महिने फलाटापर्यंत पोचली नाही. जिथे आजाऱ्याची काळजी उपयोगाने मोजली जाते तिथे सर्वांत दुबळा आपोआप सर्वांत शेवटी येतो, कोणाच्या मनात वाईट नसतानाही.

आपल्या परंपरेत दुष्काळाची एक कथा आहे, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. लोक अन्नावाचून मरत असताना त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार उघडून दिले. पुढे त्याची भरपाई करायला विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, असे कथा सांगते. ती ऐतिहासिकदृष्ट्या किती खरी, हा इथे मुद्दा नाही. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी कथा जपली तिच्यात कोणी दुष्काळाचे कारण पापात शोधत बसत नाही. कुलूप कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, एवढेच पाहिले जाते. आणि देव येतो तो गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेऊन, ज्याला दरबाराच्या दारातही एरवी कोणी उभे केले नसते. खाटा, लस, गाडीच्या वेळा, क्षयाची तपासणी ही आजची कोठारे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या महापालिका, मंत्रालय, रेल्वे आणि गृहनिर्माण सोसायट्या यांच्याकडे आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. अंमल १५ तारखेपासून होता, पण कागद तपासून पास देण्याची सोय चार दिवस आधीच, ११ तारखेला, स्थानकांवर सुरू झाली. महापालिकांचे कर्मचारी टेबल टाकून बसले होते. प्रमाणपत्र, ओळखपत्र, शिक्का, मग खिडकीवर पास. प्लेगच्या तपासणीच्या वेळचे कल्याण जंक्शन तेच, वाटा फुटतात त्या तिथेच. ज्यांना मे महिन्यात मोबाइलवर जागा मिळाली नव्हती, त्यांच्या दुसऱ्या मात्रेची तारीख अजून यायची होती.